पाचू बेडकीची चहाडी

सोनझरीच्या तलावात यंत्र उतरवलं त्या सकाळी भागरताबाई डहारे कंबरेला पदर खोचून पाळीवर, तलावाच्या बांधावर, उभी राहिली आणि तिनं यंत्राला पोटभर शिव्या दिल्या. यंत्रानं त्या सगळ्या ऐकून घेतल्या. मग गोड बाईच्या आवाजात ते म्हणालं, "आपली हरकत नोंदवली आहे."

एवढा अपमान तिचा उभ्या जन्मात कोणी केला नव्हता. भांडणात समोरचं माणूस उलट बोलतं, रडतं, तोंड फिरवून चालू लागतं, निदान पचकन थुंकतं तरी. हे मेलं नुसतं तरंगत राहिलं. तिनं आवाज खाली आणून आणखी जहरी शिव्या काढल्या. उत्तर तेच आलं, त्याच गोडीनं. पाळीवरच्या बायकांत कोणीतरी पदराआड हसलं, आणि त्या दिवसापासून भागरताबाईचं त्या यंत्राशी वैर पडलं.

सोनझरीत तिच्याशी वैर घेणं सोपं नव्हतं. गाव ढीवरांचं, मासेमारांचं. तलावातली मासोळी पुरुषांची आणि शिंगाडा बायकांचा, असा तिथला रिवाज. आणि कोणत्या घरानं कुठल्या पाण्यात शिंगाड्याची वेल लावायची, ते भागरताबाई ठरवी. शाळा तिची दुसरीपर्यंत झाली, तीही मास्तरणीशी भांडून तुटली. पुढं तिच्या तोंडापुढं सरपंच टिकला नाही, ठेकेदार टिकला नाही. शेजारच्या कवठाटोल्याच्या ज्या घरानं हा तलाव कोर्टात खेचला होता, त्या घरातली माणसं तिचं नाव निघालं की अजूनही विषय बदलत.

यंत्राचं सरकारी नाव जलसाक्षी. उलट्या घातलेल्या पातेल्याएवढं, पांढरं, पाण्यावर डुलणारं. पाण्यात राहणारा प्रत्येक जीव काही ना काही मागं टाकत जातो. कातडीचा कण, अंगाचा चिकटा, विष्ठा. त्या कणाकणांत त्या जातीची खूण असते, डीएनए म्हणतात तिला. पूर्वी बाटलीत पाणी भरून शहरात पाठवावं लागे आणि महिन्यांनी उत्तर येई. जलसाक्षी जागच्या जागी पाण्याचा घोट घेई, कण गाळी, खुणा वाची आणि या पाण्यात कोण कोण नांदतं ते चहा होईस्तोवर सांगे. शिवाय त्याला आवाज टिपणारा कान होता आणि पाण्याखाली पाहणारा डोळा होता. भागरताबाई त्याला पाणचाट्या म्हणू लागली, आणि आठवडाभरात सगळा गाव तेच म्हणू लागला.

यंत्राच्या पाठीशी कायदा होता, आणि खरी गोम त्या कायद्यात होती. पाण्यात एखादा दुर्मीळ जीव सापडला तर पुढं काय करायचं, हे ठरवायला आता साहेब लागत नसे. नकाशावर तेवढं पाणी आपोआप लाल होई, मच्छीमार सोसायटीचा परवाना आपोआप थांबे, पाण्यात रोवलेल्या बांबूंच्या टोकांवर लाल दिवे लागत. लाल पाण्यात जाळं नाही, वेल नाही, डोंगा नाही. साहेब असता तर भागरताबाईनं त्याला उभ्याउभ्या सोलला असता. इथं सोलायला कोणी नव्हतंच.

म्हणून ती सुनेला सोलायची. कारण यंत्र सांभाळायला आणि आसपासची तळी तपासायला खात्यानं नेमली होती ती तिचीच सून, आचल. शास्त्र शिकलेली, कमी बोलणारी, आणि गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून पाण्यात उतरणारी. त्या बुटांवर भागरताबाईचा फार राग.

"पाय काय साखरेचे आहेत तुहे?" ती विचारी. "विरघळतात का पाण्यात?"

आचल म्हणे, "नाही, आत्याबाई," आणि बूट चढवी. तिच्या या 'नाही आत्याबाई'त आणि यंत्राच्या 'हरकत नोंदवली'त भागरताबाईला काडीचा फरक वाटत नसे.

श्रावण लागला. शिंगाड्याच्या वेली धरू लागल्या, पानांच्या चकत्या पाण्यावर पसरू लागल्या. निम्मी लावणी व्हायची होती. अशा एका दुपारी आचल एक पारदर्शक डबी घेऊन घरी आली आणि तिनं ती सासूपुढं ठेवली. डबीत बेडकी होती. अंगठ्याच्या पेराएवढी, कोवळ्या पानासारखी हिरवी. डोळ्यापासून कंबरेपर्यंत दोन्ही अंगांना सोन्याच्या तारेसारखी बारीक रेघ, पोट दुधी.

आचल इतकी कधी बोलली नव्हती. तिनं सांगितलं की ही झाडावरची हिरवी बेडकी नव्हे. झाडावरचीच्या बोटांच्या टोकाला टिकल्या असतात, त्यांनी ती पानाला चिकटते. हिच्या बोटांना टिकल्या नाहीत, उलट मागच्या पायाच्या बोटांमध्ये शेवटपर्यंत पडदा आहे, म्हणजे ही पक्की पाण्याची. आवाज काचेच्या दोन बांगड्या एकमेकींवर वाजाव्यात तसा. हिला पाचू बेडकी म्हणतात. साऱ्या जिल्ह्यात ही उरली नाही असं धरून चालले होते. जलसाक्षीनं काल हिची खूण वाचली, आज ती प्रत्यक्ष सापडली.

"कुठं?" भागरताबाईनं विचारलं.

"तलावातल्या तुमच्याच कोपऱ्यात, आत्याबाई. बेशरमाच्या झुडपापाशी."

भागरताबाईनं डबीवरची नजर पटकन काढून घेतली. इतर वेळी आचलनं ते हेरलं असतं. पण त्या दिवशी तिचं सारं लक्ष डबीत होतं.

भागरताबाईनं ती बेडकी ओळखली होती. कुठून आली तेही तिला ठाऊक होतं, आणि सोनझरीत ते ठाऊक असणारं दुसरं कोणी नव्हतं.

शिंगाड्याचं बी आधी बोडीत रुजवतात. बोडी म्हणजे शेताकडेचं लहानसं, उथळ तळं. पाऊस झाला की तिथली वेल उपटून टोपल्यांत भरतात आणि मोठ्या तलावात आणून लावतात. ढीवरांत असं, की लेकीच्या सासरहून वेलीची एक टोपली दरसाल माहेरी येते आणि ती धुवायची नसते. तिकडचं पाणी, तिकडचा चिखल, जे काही पानांना लागलेलं असेल ते, तसंच माहेरच्या पाण्यात उतरू द्यायचं. वेल धुतली म्हणजे लेक तोडली. पुढं खात्याचा नियम आला. बाहेरच्या वेलीबरोबर कीड आणि गोगलगाय येते, म्हणून प्रत्येक टोपली मिठाच्या पाण्यात बुचकळल्याशिवाय तलावात घालायची नाही, नाहीतर परवाना जाईल. बायकांनी डोळ्याला पदर लावला आणि लेकींच्या टोपल्या मिठात घातल्या. रिवाज गेला, पाणी राहिलं.

भागरताबाईनं तर नियमाच्याही आधी, साऱ्या गावादेखत, आपल्या लेकीची वेल मिठानं धुवीन असं सांगितलं होतं. तिची मोनाली कवठाटोल्याच्या त्याच कोर्टवाल्या घरात, आईला न जुमानता लग्न करून गेली, तेव्हा. "वेल आली तर धुईन, अन् ते आली तर तिलेही धुईन," असं ती पाळीवरून ओरडली होती. तेव्हापासून मायलेकींचं बोलणं बंद. पण दर पावसाळ्यात कवठाटोल्याहून टोपली येई, टेम्पोवाल्याच्या हाती, निरोपाशिवाय. भागरताबाई मिठाच्या पाण्याचं घमेलं घेऊन सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बेशरमाच्या झुडपाआड जाई. थोड्या वेळानं येई, मिठाचं पाणी पाळीपल्याड भडाभडा ओतून देई आणि हात झटके. बायका म्हणत, काळीज दगडाचं आहे बाईचं.

त्या मिठाच्या पाण्याला मोनालीची वेल कधी लागलीच नव्हती. झुडपाआड भागरताबाई ती जशीच्या तशी आपल्या कोपऱ्यात लावी; या सालीही तशीच लावली होती. लावताना पानांतून हिरवे ठिपके टुणटुण उडत पाण्यात पडायचे, ते ती पाहत असे.

बेडकी प्रत्यक्ष सापडल्याची नोंद झाली आणि दुसऱ्या दिवशी तिच्या कोपऱ्यातले दिवे लाल झाले.

कोपरा गेला म्हणून कोणी उपाशी मरणार नव्हतं. पण भागरताबाईच्या पाण्यावर लाल दिवा, हे तिला सहन होईना. आणि त्याहून मोठी धास्ती अशी की कोणी मूळ शोधायला लागलं तर ते कुठं पोचेल. तिनं बायका गोळा केल्या. बेडकी नाही तर दिवा नाही, इतकं सोपं आहे, असं तिनं सांगितलं. आचल खात्याच्या बैठकीला तालुक्याला गेली होती. बायकांनी बारीक जाळी ओढली, हाती लागतील तेवढ्या हिरव्या बेडक्या पाण्यातच दगडाखाली चेचल्या, निसटतील त्यांच्यासाठी कोपऱ्यात चुन्याची पोती सोडली. कामाला जोर भागरताबाईचाच होता. तिचा हात कुठंच थांबला नाही, फक्त त्या दिवशी तिनं कोणाला शिवी दिली नाही.

संध्याकाळी आचल परत आली तेव्हा पाळीवरच्या शेवटच्या बांबूपर्यंत सगळे दिवे लाल होते. साऱ्या तलावाचं पाणी बंद झालं होतं.

आचल पहिल्यांदाच सासूवर संतापली. तिनं आवाज चढवला नाही, पण तिचे ओठ पांढरे पडले होते. तिनं सांगितलं की जिवंत बेडकी पाण्यात खुणेचे कण जपून टाकते, मेलेली फुटते, सडते आणि सगळंच्या सगळं सोडून देते. यंत्राला मेलेलं आणि जिवंत कळत नाही. त्याला फक्त खूण किती दाट आहे एवढं कळतं. काल त्याला वाटलं, कोपऱ्यात दहापाच बेडक्या आहेत. आज त्याला वाटतं, साऱ्या तलावात बेडकीच बेडकी आहे.

"तुम्ही मारल्या नाहीत, आत्याबाई," ती म्हणाली. "तुम्ही वाढवल्या."

भागरताबाई तडक पाळीवर गेली आणि यंत्राला म्हणाली की मुडद्याची साक्ष घेणारी कचेरी तिनं आजवर पाहिली नाही. तिची हरकत नोंदवली गेली.

आता प्रश्न चाळीस घरांचा झाला. श्रावणात वेल पाण्यात पडली नाही तर त्या वर्षाचा शिंगाडा नाही. आणि सलग एक हंगाम पाणी लाल राहिलं तर ते कायमचं राखीव होई, असं कायद्यातच होतं. मग सोनझरीच्या ढीवरांनी तलावाकडं पाहत बसायचं. घराघरांत उपटून आणलेल्या वेली हौदात पडल्या होत्या, देठ काळे पडू लागले होते. दारादारांत भांडणं लागली. चुना कोणी आणला, जाळं कोणाचं होतं, पहिली बेडकी कोणी दगडाखाली घातली. भागरताबाईकडं बोट दाखवायची कोणाची छाती नव्हती, पण तिला पाणी विचारायला येणाऱ्या बायका आता समोरून येताना गल्ली बदलू लागल्या.

अखेर समाजमंदिरात बैठक बसली. आचलनं एक वाट सांगितली. जलसाक्षी दुर्मीळ जिवांचे दोन प्रकार करतं: रहिवासी आणि पाहुणी. जिथं बेडकी अंडी घालते, जिथं शेपटीवाली पिल्लं वाढतात, ती तिची वस्ती. असं पाणी बंद राहणार. पण नुसती बाहेरून आलेली असेल तर ती पाहुणी, आणि पाहुणीसाठी पाणी बंद होत नाही. फक्त ती आली कुठून हे सिद्ध करावं लागतं. "आपल्या तलावात पिल्लू एकही दिसलं नाही," आचल म्हणाली. "दिसणारच नाही. इथं मरळ आहे, रोहू आहे, पिल्लं दोन दिवस टिकणार नाहीत. म्हणजे बेडकी बाहेरून आली. पण आली कशी, ते मला कळत नाही."

का कळत नाही, तेही तिनं सांगितलं. बेडकी वेलीबरोबर आली म्हणावं तर वेल मिठातून येते. बेडकी तोंडानं पाणी पीत नाही, कातडीनं पिते. तिची कातडी म्हणजे ओला पंचाच. मीठ लागलं की अंगातलं पाणी बाहेर खेचलं जातं आणि ती तिथंच मरते, अंडीही जगत नाहीत. मिठातून निघालेल्या वेलीवर जिवंत बेडकी येऊच शकत नाही.

एकेक बाई उठली आणि तिनं शपथेवर सांगितलं की टोपली मिठात घातली होती. भागरताबाईची पाळी आली तेव्हा तिला कोणी विचारलंही नाही. इंदिरा मारबते म्हणाली, "तिनं तर नियम यायच्या आधीच पोटच्या पोरीची वेल धुतली. तिले काय विचारता?" सगळ्यांनी माना डोलावल्या.

ही इंदिरा भागरताबाईच्या बरोबरीची, आणि तिच्या जागेवर डोळा ठेवून बसलेली. ती पुढं म्हणाली की मग बेडकी आणणारी वाट एकच उरते. रोज तळ्यातळ्यांतून हिंडतं कोण? एका पाण्यातले ओले बूट दुसऱ्या पाण्यात कोण घालतं? बैठकीत गलका उठला. सगळ्यांना ते एकदम पटलं, कारण सगळ्यांना ते हवं होतं. आचलनं सही करून सांगावं की बेडकी तिच्या बुटांतून आली. यंत्र बेडकीला पाहुणी म्हणेल, दिवे विझतील. आचलची नोकरी जाईल आणि तिच्यावर खटलाही होईल, पण घर एक आणि घरं चाळीस.

आचल उभी होती. तिनं बैठकीकडं पाहिलं नाही, सासूकडं पाहिलं.

"तुम्ही सांगा, आत्याबाई. माझ्या बुटांतून आली का?"

भागरताबाईला फक्त मान हलवायची होती. तेवढ्यात सगळं येत होतं. तलाव सुटला असता. घरातले बूट गेले असते. दगडाचं काळीज गावात तसंच नांदलं असतं. आणि कवठाटोल्याच्या बोडीकडं कोणाची नजर गेली नसती. ती बोडी म्हणजे मोनालीचा सगळा संसार होता. रोपाची वेल विकून तिचं घर चाले. बोडीत मासे नाहीत, पाणी उथळ, ऊन भरपूर. बेडकीची वस्ती कशी असते, हे आचल सांगत होती तेव्हा भागरताबाईच्या डोळ्यापुढं, जिथं ती आजवर एकदाही गेली नव्हती ती बोडी जशीच्या तशी उभी राहिली होती.

तिनं मान हलवलीही असती. पण इंदिरेला गप्प राहवलं नाही.

"ते काय सांगन?" इंदिरा म्हणाली. "तिच्या कोपऱ्यात तिच्या नाकाखाली सून बेडक्या सोडून रायली, अन् तिले पत्ता नाही. म्हातारी झाली भागरता. पाण्यावर नजर नाही राहिली आता तिची."

भागरताबाई उठली.

"माह्या पाण्यात मले न विचारता बेडकीचं लेकरू येत नाही, इंदिरे," ती म्हणाली. "ह्या पोरीच्या बुटात चिखल येत नाही, बेडकी काय येते? ते मी आणली. मोनीच्या वेलीतून. मी वेल धुतलीच नाही."

मग इंदिरेनं विचारलं की दरसाल मिठाचं घमेलं कशाला मिरवत होतीस.

"तुमच्यासाठी," भागरताबाई म्हणाली. "तुम्हाले तमाशा पाहाले आवडते."

तिथून ती कोणाची वाट न पाहता निघाली. आचल मागून धावत आली. तिला सांगायचं होतं की यंत्रापुढं जबाब द्यावा लागेल, स्वतःच्या तोंडानं, आणि जागेचं नाव घ्यावं लागेल. नाव घेतल्यावर ते मागं घेता येणार नाही. भागरताबाईनं तिला विचारलं, त्या बोडीचं काय होईल. आचलनं खोटं सांगितलं नाही. पिल्लं सापडली तर बोडी लाल होईल, आणि बहुतेक सापडतील.

"बहुतेक म्हणून जीव नको खाऊ," भागरताबाई म्हणाली. "भरली आहे ते बोडी. दर टोपलीत उड्या मारत येतात."

पाळीवर उभं राहून तिनं सगळं सांगितलं. कवठाटोला, बोडी, टोपली, झुडूप. आवाजात नेहमीची धार होती, फक्त एका ठिकाणी ती अडखळली आणि ते वाक्य तिनं पुन्हा म्हटलं. यंत्र गोड आवाजात म्हणालं, "आपला जबाब नोंदवला आहे."

"नोंदव, मेले," ती म्हणाली. "चाटून झालं असन तर नोंदव."

पुढचं सगळं आचलनं केलं. दुसरा जलसाक्षी कवठाटोल्याच्या बोडीत उतरला. त्याच्या डोळ्याला शेपटीवाली पिल्लं दिसली, शेकड्यानं. कानाला बांगड्यांचा आवाज आला. पाचू बेडकीची वस्ती सापडली, ती अख्ख्या जिल्ह्यातली एकमेव निघाली, आणि बोडी काठापासून काठापर्यंत लाल झाली. मोनालीनं आपल्याच बोडीत पाय टाकायचा नाही, असं ठरलं. मग सोनझरीच्या तलावासाठी एकच अट उरली. पाहुणीची वाट आता बंद झाली, हे यंत्राच्या डोळ्यासमोर दाखवायचं. दिवे लागायच्या आधी बोडीतून विकायला उपटून ठेवलेली एक टोपली मोनालीकडं पडली होती. ती आणायची आणि यंत्रासमोर मिठात बुचकळायची, ज्या हातांनी आजवर बुचकळली नव्हती त्या हातांनी.

टोपली टेम्पोवाल्यानं आणली नाही. मोनाली स्वतः घेऊन आली. आईचीच उंची, आईचंच नाक. साऱ्या गावाला वाट करायला लावत ती पाळीवर चढली आणि टोपली आईच्या पायापाशी आदळली.

"बोडी खाल्ली माही," ती म्हणाली. "समाधान झालं?"

"चाळीस घरं होती," भागरताबाई म्हणाली.

"माहं एकच होतं."

भागरताबाईनं जुनं उकरून काढलं, म्हणाली की कोर्टवाल्या घरात गेलीस तेव्हा हिशेब केला असतास तर. मोनाली म्हणाली, कोर्टवाल्या घरानं निदान तोंडावर दावा लावला. आचल मध्ये पडायला पुढं सरकली, तसं दोघींनी तिच्याकडं एकाच वेळी असं पाहिलं की ती होती तिथंच थांबली.

भागरताबाईनं मिठाचं घमेलं पुढं ओढलं. या खेपेला झुडूप नव्हतं. तिनं वेलीचा पहिला जुडगा उचलला, पण मिठात घातला नाही. आचलनं आणलेल्या बोडीच्या पाण्याच्या बादलीवर धरून हलकेच झटकला. एक हिरवा ठिपका टप्पकन बादलीत पडला. मग दुसरा. तोंडानं शिव्या चालू होत्या, चहाडखोर, चोंबड्या, घरभेदी; आणि बोटं पानापानाच्या खाली फिरत होती, दुपट्यातलं मूल चाचपावं तशी. एकेक जुडगा रिकामा झाल्यावरच ती तो मिठात दाबी.

मोनाली ते पाहत होती. ती बोलली तेव्हा आवाज मघाच्यापेक्षा खाली होता, पण मऊ नव्हता.

"यंत्रानं मले तुहा जबाब ऐकवला. पुरावा म्हणून. 'माही लेक' म्हणाली तू त्याच्यात. दोनदा."

"एकदा नीट ऐकू गेलं नसन त्याले."

"मले वाटे, तू धुवत असशील."

भागरताबाईनं शेवटचा जुडगा मिठात घातला आणि वर न पाहता म्हणाली, "मीठ काय फुकट येते का?"

पाळीच्या त्या टोकापासून एकेक दिवा विझत आला. बायका टोपल्या उचलून पाण्याकडं धावल्या. श्रावण अजून शिल्लक होता. कोपऱ्यातला दिवा सर्वांत शेवटी विझला. भागरताबाईनं ओले हात पदराला पुसले. मग तिनं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की बेशरमाजवळचा कोपरा या सालपासून मोनालीचा, तिची स्वतःची पाठ-कंबर आता वाकत नाही, आणि कोणाला काही म्हणायचं असेल तर त्यानं आत्ता म्हणावं. इंदिरेनं आपली टोपली उचलली आणि ती पाण्याकडं वळली.

मोनालीनं कोपऱ्याकडं पाहिलं. बोडीच्या मानानं ते पाणी काहीच नव्हतं, हे दोघींनाही कळत होतं.

"भीक घालून रायली का?"

"तण माजलं आहे तिथं. फुकटची मजूर पाहिजे मले."

बादलीच्या काठावर एक बेडकी चढून बसली होती, उडायच्या बेतात. भागरताबाईनं तिला बोटानं आत ढकललं आणि बादली लेकीच्या हातात दिली.

"हिले तिकडं नेऊन काठावरूनच सोड," ती म्हणाली. "हिच्या पोटात काही राहत नाही. तुह्याच वळणावर गेली आहे. अन् त्या पाणचाट्याले सांग, पुन्हा माह्या घरातल्या गोष्टी चारचौघांत काढशील तर पातेल्यासारखा चेपून टाकीन."

"आपली हरकत नोंदवली आहे," तलावातून आवाज आला.

मोनाली पदराआड हसली. भागरताबाईनं ते पाहिलं.

"दात काढू नको," ती म्हणाली. "ऊन उतरून रायलं. पाण्यात उतर."